कॅलेंडरवरचे दोन शब्द

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्याचं सगळं करणाऱ्या व्यक्तीला एकदा विचारून बघा, "दिवसभर काय काय करता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही विशेष नाही. घरचंच तर आहे." यात नम्रतेचा आव नसतो. तिला खरंच तसं वाटतं. औषधं, आंघोळ, कूस बदलून देणं, रात्री एका हाकेला उठणं. हे इतकं अंगवळणी पडतं, की त्याला काम म्हणावं असं मनातच येत नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न सरकारी कचेरीत विचारतात. अपंग आप्ताची आठवड्याला किमान 35 तास काळजी घेणाऱ्याला तिथे 'केअरर्स अलाउन्स' हा भत्ता मिळू शकतो. 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही मदत घेणाऱ्याचे एवढे तास भरत असतील आणि आप्ताचं अपंगत्व तीव्र ठरलेलं असेल, तर नोकरी शोधण्याची सक्ती होत नाही. तास कमी भरले, तर कामाविषयीच्या मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं. 35 तास म्हणजे रोजचे पाच. धुणं, स्वयंपाक, डॉक्टरांकडे नेणं, बिलं भरणं, बाजारहाट, सगळं त्यात धरतात. पण विचारल्यावर ते आठवायला तर हवं! म्हणून तिथल्या मदत संस्था काळजी घेणाऱ्यांना रोजची वही ठेवायला सुचवतात.

या कष्टांची दखल तिथेही सहजासहजी घेतली गेली नाही. 1976 साली असा भत्ता सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रियांना तो मिळत नसे. बाई घरीच असायची, तिनं केलं तर त्यात वेगळं काय, असा समज. जॅकी ड्रेक या विवाहित बाईंनी अपंग आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली. भत्ता नाकारला गेला, तेव्हा त्यांनी दाद मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि 1986 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्यांच्यामुळे इतर विवाहित स्त्रियांनाही हा हक्क मिळाला. आईची सेवा त्या करतच होत्या. तिची नोंद व्हावी, एवढंच मागणं होतं.

आपल्या माणसासाठी केलेलं बोलून दाखवू नये, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरंच आहे. पण लिहून ठेवणं म्हणजे बोलून दाखवणं नाही. दुधाचे खाडे आपण कॅलेंडरवर न चुकता मांडतो. त्याच चौकटीत आज रात्री दोन शब्द लिहा. 'दुपारी दवाखाना.' 'तीनदा उठले.' त्यात तक्रार नको, हिशेब मागणंही नको. महिनाभरानं ते पान पाहिलं, की आपण का थकतो हे आपलं आपल्यालाच कळेल. मदत मागताना संकोच थोडा कमी होईल. सरकारी कचेरीत कधी विचारणा झालीच, तर उत्तर हाताशी असेल. आणि घरात हे सगळं करणारं माणूस दुसरं कुणी असेल, तर आजच्या चौकटीतलं एखादं काम आपल्या नावावर घ्या.