सुरू होतानाचं दुखणं

आईला सकाळी साडेसहाचं कीर्तन चुकवायचं नसतं. गेल्या थंडीत मात्र आमच्या चौदा वर्षांच्या टीव्हीनं एक खोड धरली. बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकायचा, आतून टिकटिक ऐकू यायची आणि पडदा काळाच राहायचा. दहा-पंधरा मिनिटांनी एकदम चित्र यायचं. मग रात्रीपर्यंत त्याची काही कुरकुर नसायची, म्हणून आम्हीही ते मनावर घेतलं नाही. आई सहालाच बटण दाबून ठेवू लागली. "जुना झालाय, वेळ लागणारच," असं म्हणायची.

पंधरा मिनिटांचा पाऊण तास झाला, तेव्हा मेकॅनिकला बोलावलं. नवा टीव्ही घ्यायचं आम्ही जवळजवळ ठरवलंच होतं. त्यांनी प्लग काढला, थोडा वेळ थांबून मागचं झाकण उघडलं आणि सप्लायच्या बोर्डावर बॅटरीचा उजेड टाकला. बोटाच्या पेराएवढ्या नळकांड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यातल्या एकीचं डोकं पुरीसारखं फुगलं होतं. "कपॅसिटर गेलाय. बाकी सगळं ठणठणीत आहे."

घरात येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. टीव्हीतल्या नाजूक भागांना लागते थोड्या व्होल्टची आणि एकसारखी. वाटेतले चढउतार पोटात घ्यायचे आणि पुढे स्थिर प्रवाह द्यायचा, हे कपॅसिटरचं काम. त्याच्या आत एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तो सुकत जातो. सगळ्यात जास्त ताण पडतो तो सुरू होताना. थंडीत सुकलेला कपॅसिटर तो पेलू शकत नाही, व्होल्टेज पडतं, टीव्ही स्वतःला बंद करून घेतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ती टिकटिक म्हणजे हेच प्रयत्न. त्यातच थोडी ऊब येते, द्रव सैलावतो आणि चित्र दिसतं.

मेकॅनिक म्हणाले, "चित्र आलं म्हणजे दुखणं गेलं असं नाही, दादा. गरम झाल्यावर ते दिसत नाही, एवढंच." टीव्ही शोकेसच्या बंद खणात कोंडलेला होता, तोही त्यांनी बाहेर काढायला लावला. दहा अंश उष्णता कमी झाली, तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. काही रुपयांचा, १०५ अंश लिहिलेला नवा कपॅसिटर त्यांनी डाग देऊन बसवला. बटण दाबताच चित्र आलं.

त्यांचं वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही. आईसुद्धा सकाळी पलंगाची कड धरून बसते. दोन-तीनदा उठू पाहते, पुन्हा बसते. तासाभरानं गुडघे मोकळे झाले की दिवसभर घर चालवते. कुणाचा राग, कुणाची अडचण, कुणाची रिकामी झालेली पाकिटं, सगळं ती पोटात घेते आणि आमच्यापर्यंत येतं ते वेळेवरचं जेवण आणि शांत आवाज. विचारलं तर म्हणते, "एकदा चालायला लागले की काही नाही रे." आम्ही ते खरं मानलं, कारण तसं मानणं सोयीचं होतं. टीव्हीसाठी माणूस बोलावला, आईच्या सकाळीकडे कुणी बघितलंच नाही.

त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. औषध सुरू झालं, व्यायाम सुरू झाला, आणि सकाळचा पहिला चहा आता मी करतो.

घरातलं कोण कसं आहे, हे दुपारी कळत नाही. तोवर प्रत्येकजण कामाच्या उबेत आलेला असतो. ते कळतं दिवस सुरू होताना. म्हणून उद्या सकाळी थोडं लवकर उठा आणि आपल्या घरातले चढउतार पोटात घेणारं माणूस अंथरुणातून कसं उठतं, ते एकदा बघा.