बाग म्हणजे आधी सावली

नाचणगाव हे वर्धा जिल्ह्यातले, पुलगावला लागून असलेले, कपाशीच्या काळ्या मातीतले गाव. वैशाखात इथल्या संत्र्याच्या बागेत शिरणाऱ्याला हिरवा रंग नंतर दिसतो, आधी सावली भेटते. बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आत काळोखी गारवा. अशी बाग काळ्या-पांढऱ्या छापचित्रातच खरी उतरते, असे माझे मत आहे. रंगीत चित्रात फळाफुलांचेच कौतुक होते, ऊन हरवते.

लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेल्या छाप्यात, कोरले तेवढे पांढरे, राखले तेवढे काळे. चित्रकार झाड राखतो आणि हत्याराने ऊन कोरून काढतो. त्यातही गंमत अशी की लिनोलियम मुळात जवसाच्या तेलाचे. फ्रेडरिक वॉल्टनने 1863 साली त्याचे पेटंट घेतले ते जमिनीवर अंथरण्यासाठी: घट्ट केलेले तेल, बुचाचा भुगा, खाली तागाचे कापड. छपाईची काळी शाईही जवसाच्याच तेलात काजळी घोटून होई. आपण मात्र जवस चटणीपुरताच ओळखतो.

चित्रकार नंदलाल बोस यांनी 1930 साली दांडीयात्री गांधी काळ्यातून असेच कोरून काढले. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकासाठी त्यांनी काळ्या-पांढऱ्यात गावाकडची चित्रे केली. त्या चित्रांत हिरव्याची उणीव भासत नाही.

तरी काळा-पांढरा म्हटला की आपल्याला दुःखच आठवते. चित्रकार चित्तप्रसादांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काळ्या रेषेत काढली, ती काढायलाच हवी होती. पण विदर्भातला शेतकरी कायम त्याच काळ्यात का दाखवायचा? इथे काळा हा गारव्याचाही रंग आहे. अर्थात तो गारवा फुकटचा नाही. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याचा बगीचा उन्हाळ्यात ताणावर सोडतात. पाणी तोडले की पाने मलूल होऊन गळतात, सावली विरळ होते. पुढच्या फळासाठी आजची सावली मोडायची, हा व्यवहार रंगीत फोटोत नुसता वाळका दिसतो. छाप्यात मात्र काळ्यात पांढरे किती घुसले, यावरून तो ताण नेमका कळतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत आपली मुले वर्षानुवर्षे हिरवे झाड आणि लाल फूल रंगवतात. वर्धा जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती: या मे महिन्यात मुलांच्या हाती लिनोचा एकेक तुकडा द्या, आणि भर दुपारी त्यांना बगीच्यात बसवा.