पेशी कळते, मुदत कळत नाही

14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांविरुद्धच्या तक्रारींसाठी ग्राहक आयोगाचे दार बंद केले. ‘बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी’ या प्रकरणाचे मूळ लहानसे होते. 20 हजार रुपयांचा धनादेश वटला नाही, त्यासाठी वकील नेमला गेला, आणि वसूल झालेली रक्कम आपल्याला दिली नाही अशी अशिलाची तक्रार आली. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते, असे राष्ट्रीय आयोगाने 2007 मध्ये म्हटले होते. न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांनी ते मत रद्द केले. वकिलाच्या कामावर अशिलाचे थेट नियंत्रण असते, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार ठरतो, असे कारण त्यांनी दिले.

निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावण्याची वाट या निकालानंतरही खुली आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 च्या कलम 35 खाली बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रारही करता येते. शिस्तपालन समिती समज देईल, सनद काही काळ थांबवील, अगदी नावही कमी करील, पण बुडालेल्या जमिनीचा मोबदला ती मिळवून देत नाही. आणि दावा लावायचा तर त्याच बाररूममधला दुसरा वकील शोधायचा, पुन्हा वर्षानुवर्षे पेश्या करायच्या. अमरावतीजवळच्या वलगावच्या दोन-तीन एकरवाल्या माणसाला यातले काय परवडणार? म्हणून चूक होऊच नये याची जबाबदारी आता जवळजवळ पूर्णपणे वकिलाच्या कार्यालयावर आली आहे.

हे कार्यालय म्हणजे काय, ते अमरावतीत कोणालाही ठाऊक आहे. एक ज्येष्ठ वकील, एक-दोन ज्युनिअर आणि सगळ्या फायली तोंडपाठ असलेला कारकून. परतवाडा मार्गावरचे, पेढी नदीकाठचे वलगाव शहरापासून फार लांब नाही. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी जिथे देह ठेवला तेच हे गाव. इथला माणूस वाटणी, धुरा, अपघात, धनादेश, भूसंपादन असली कामे घेऊन अमरावतीच्या कोर्टात येतो. तालुक्यातालुक्यात सिंचन प्रकल्प झालेल्या या जिल्ह्यात वाढीव मोबदल्याची प्रकरणे लहान वकिलांच्या टेबलावर सततची आहेत.

तंत्रज्ञानाने या कार्यालयांचे भले केले, यात शंका नाही. 2007 मध्ये सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाचा तिसरा टप्पा सप्टेंबर 2023 मध्ये मंजूर झाला, त्यासाठी 7,210 कोटी रुपये ठरले. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची पेशी, मागचा आदेश, प्रकरणाचा टप्पा फोनवर दिसतो. पूर्वी यासाठी कारकुनाला बोर्ड बघत फिरावे लागे. डायरीत तारीख चुकीची लिहिली गेली म्हणून दावा गैरहजेरीत निघाला, हा जुना प्रकार त्यामुळे टाळता येतो.

पण यंत्राला दाखल झालेलीच प्रकरणे माहीत असतात. जे अजून दाखल झालेले नाही, त्याची मुदत कधी संपते हे त्याला कोण सांगणार? आणि अशिलाचे खरे नुकसान बहुतेकदा तिथेच होते.

धनादेशाचेच घ्या. तो परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर 15 दिवस थांबायचे आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करायची. तक्रारीचा उशीर सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकते, 2002 च्या दुरुस्तीने ती सोय झाली. नोटिशीच्या उशिराला मात्र माफी नाही. धनादेशाची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो. तीही संपली असेल तर धनादेश न वटल्याच्या फौजदारी तक्रारीची, म्हणजे कलम 138 ची, वाट बंद. हे 30 दिवस चालू असताना कोर्टाच्या संगणकात या प्रकरणाचा मागमूसही नसतो.

भूसंपादनात हे आणखी कठीण होते. 2013 च्या कायद्याच्या कलम 64 प्रमाणे निवाड्याच्या वेळी जमीनधारक हजर असेल तर वाढीव मोबदल्याच्या अर्जाला सहा आठवडे मिळतात. तो हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतला जो काळ आधी संपेल तो. पुरेसे कारण दिल्यास जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. शिवाय ज्याने अर्ज केलाच नव्हता त्यालाही एक संधी आहे. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला वाढीव रक्कम मिळाली, तर त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत तोही फेरनिर्धारण मागू शकतो. शेजाऱ्याचे प्रकरण संपल्याचा एसएमएस शेजाऱ्याच्या वकिलाला जातो. या माणसाच्या फोनवर काहीच वाजत नाही.

वऱ्हाडातली एक रीत इथे सर्वांत घातक ठरते. पक्षकार कागदांची पिशवी टेबलावर ठेवतो, “साहेब, पाहून ठेवा” म्हणतो आणि बसची वेळ झाली म्हणून निघतो. वकील म्हणतात, “पाहू.” वकालतनामा नाही, फी ठरलेली नाही. वकिलाच्या हिशेबी काम घेतलेले नाही, माणसाच्या हिशेबी ते सुरू झाले आहे. दोघेही प्रामाणिक असतात, आणि मधल्या मधे मुदत निघून जाते. असे काम घ्यायचे नसेल तर त्याच दिवशी मराठीत एक चिठ्ठी द्यावी: हे काम आम्ही घेतलेले नाही, तुमची मुदत अमुक तारखेला संपते, त्याआधी दुसऱ्या वकिलाला भेटा. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये राहिला की झाले. घेतलेल्या कामासाठी पेशीच्या डायरीहून वेगळी मुदतवही हवी आणि शेवटची तारीख दोघांनी स्वतंत्रपणे मोजलेली हवी. ज्युनिअरने मोजलेली तारीख ज्येष्ठांनी नुसती डोळ्यांखालून घालणे म्हणजे दुसऱ्यांदा मोजणे होत नाही.

वकिलाच्या चुकीची शिक्षा अशिलाला नको, असे ‘रफिक विरुद्ध मुन्शीलाल’ या 1981 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. खेड्यातल्या माणसाने वकील नेमल्यावर कोर्टात पहारा द्यावा अशी अपेक्षा करता येत नाही, ही त्यामागची समज होती. त्या आधारावर निर्धास्त राहण्याचे दिवस गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश’ या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले की, सगळा दोष वकिलावर ढकलून पक्षकाराला मोकळे होता येणार नाही, आपल्या प्रकरणाची खबर त्यानेही ठेवायला हवी. ग्राहक आयोग गेला आणि विलंबमाफीही कडक झाली. दोन्हींचा भार एकाच माणसावर पडतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची गोष्ट वकिलाच्या चुकांना जोडूनच येते. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘माता विरुद्ध एव्हियांका’ प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्याने अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. पण लहान कार्यालयाला अशा नवलाच्या चुकीइतकीच जुन्या मसुद्याची भीती आहे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदे बदलले. जुन्या संहितेत कलम 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. संगणकातला दहा वर्षांपूर्वीचा अर्ज नाव-गाव बदलून छापणाऱ्या ज्युनिअरला यातली अडचण कळायला नवा कायदा उघडूनच बघावा लागेल. अशिलाच्या गोपनीयतेचे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 प्रमाणे वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. सगळ्या फायलींचे फोटो त्याच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर पडून असतात तेव्हा हे कोणाच्या ध्यानात असते?

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांच्या फर्मला किमान 20 लाख पौंडांचा जबाबदारी विमा सक्तीचा आहे. आपल्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये अशी सक्ती नाही. तालुक्याच्या वकिलाला एकट्याने हप्ता झेपणार नाही हे खरे, पण बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाने सामूहिक विमा काढायला काय हरकत आहे? अशिलाला भरपाई मिळेल अशी दुसरी व्यवहार्य तजवीज आज दिसत नाही.

मुदतीची चिठ्ठी पुढे आपल्याचविरुद्ध पुरावा होईल, अशी धास्ती वकिलांना वाटणे स्वाभाविक आहे. ती होईलच. मात्र माणसाने कागद मुदत संपल्यावर आणले असतील, तर तीच चिठ्ठी वकिलाच्या बाजूनेही बोलेल. म्हणून तिच्यावर कागद मिळाल्याची तारीख आणि दोघांच्या सह्या हव्यात. ज्याला वाचता येत नाही त्याला ती वाचून दाखवल्याची नोंदही तिथेच हवी.