कट्टा आणि पट्टा

मेहकर तालुक्यातल्या जानेफळात एक आडत्या होता. सोयाबीन, तूर, हरभरा विकत घ्यायचा आणि ट्रक भरून पुढे लावायचा. त्याच्या आडतीवर दोघे सख्खे भाऊ हमाली करत. थोरला अंगानं बसका, बोलायला कमी आणि हट्टाला पक्का. धाकटा उंचापुरा आणि हौशी. दिवसभर कट्टे वाहायचा आणि दिवे लागले की जिममध्ये जाऊन पुन्हा वजनंच उचलायचा. "दिवसभर उचललं थे कमी पडलं काय रे?" असं आई विचारायची. प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता.

आडतीत काट्याजवळ एका बाजेवर आबाजी बसायचे. तरुणपणी याच आडतीत त्यांनी शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली होती. आता मापं मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं आणि मग दोन, तीन अशी गिनती पुढे चालवायची, हा जुना रिवाज ते अजून पाळत. खांद्यावर बाराही महिने एक मळका दुपट्टा.

पंढरीची वारी करून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी मेहकर-जानेफळावरून जाते. ती पुढे गेली त्याच आठवड्यात धाकट्यानं जाड चामड्याचा, दुहेरी बकलाचा कंबरपट्टा मागवला. पट्टा आला तो पोराच्या कमरेवरून उतरेना. जिममध्ये पाच किलोचं डंबेल उचलताना पट्टा, मोटरसायकलवर पट्टा, टपरीवर चहा पिताना पट्टा. शर्ट आत खोचून वरून पट्टा आवळायचा, म्हणजे लोकांना दिसावा. थोरला ते पाहून पचकन थुंकायचा. "पट्टा बांधते थो कमजोर," एवढंच बोलायचा आणि उघड्या कमरेनं कट्टा खांद्यावर टाकून चालू लागायचा.

आबाजी दोघांकडेही बघायचे आणि गिनती चुकू नये म्हणून गप्प बसायचे.

सोयाबीनचा हंगाम लागला. आडतीच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. एका दुपारी ट्रॉलीतून माल उतरवताना धाकट्यानं दोन कट्टे एकदम घ्यायला सुरुवात केली. कुणीतरी हटकलं, तर पट्ट्यावर टिचकी मारून म्हणाला, "आता कमरेले काय होते?" पट्टा त्यानं शेवटच्या भोकापर्यंत ओढला होता, त्यामुळे श्वास खाली उतरतच नव्हता, छातीतल्या छातीत अडकत होता. पाय न हलवता, गुडघे न वाकवता त्यानं पाठ वाकवली, कट्टे उचलले आणि तसंच अंग फिरवलं. पट्टा जागच्या जागी राहिला. उसण मात्र भरली. पोरगा कट्ट्यांसकट खाली बसला आणि मग रिकाम्या बारदान्याच्या ढिगावर आडवा झाला. त्या दिवशी त्याला उठवायला दोघे लागले.

थोरल्याला आयताच दाखला मिळाला. "पाह्यलं? पट्ट्यानंच केलं हे."

धाकटा बरा होऊन पुन्हा जिममध्ये जायला लागला तसा थोरलाही मागोमाग गेला. पट्ट्यावाचून किती उचलता येतं ते या पोट्ट्यांना दाखवायचंच, असं त्यानं मनाशी धरलं होतं. ऐंशी किलोचा बार त्यानं हसत उचलला. शंभरचाही उचलला. एकशे तीस लावल्यावर बार जमिनीवरून सुटला, पण गुडघ्यापर्यंत येता येता पोट सैल पडलं, पाठ मध्येच बाहेर आली आणि बार दणकन खाली आदळला. पुन्हा वाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाकणार तेवढ्यात जिमवाल्यानं बारवर पाय ठेवला. त्याला बहुधा थोरल्याच्या कमरेपेक्षा आपल्या फरशीची काळजी जास्त असावी, पण काम झालं.

दुसऱ्या दिवशी दोघा पोरांची आई आडतीवर आली. "आबाजी, एक पट्ट्यानं मरू राहिला, दुसरा पट्ट्यावाचून. तुमीच सांगा काय सांगायचं थे."

त्या संध्याकाळी धोतर नेसलेले आबाजी जिममध्ये शिरले. पोरांनी गाणी बंद केली. आबाजींनी आधी थोरल्याला पुढे बोलावलं आणि त्याच्या बरगडीखाली, बाजूला, दोन बोटं रुतवली.

"माह्या बोटाले बाहेर ढकल."

थोरल्यानं पोट आत ओढून घेतलं. छाती फुगली, बोटं आणखी आत गेली.

"आत नाई रे. बाहेर. श्वास नाकानं घे आन् खाली सोड, पार जांघेपर्यंत. पोट पुढं, बाजूले, मांगं, सगळीकडून ताठ झालं पायजे."

पाच-सहा वेळा करून झाल्यावर बोटं बाहेर आली. मग आबाजींनी कोपऱ्यात पडलेलं खडूच्या भुकटीचं अर्धं रिकामं पोतं भिंतीशी उभं केलं. ते लोळलं. "भरलेलं पोतं उभं राह्यते, अर्धं पोतं लोळते. माणसाच्या कमरेचं बी असंच हाय. पाठीचा मणका एकटा वझं नाई पेलत. पुढून पोट भरलेलं असलं तरच मणका सरळ राह्यते."

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचे दोन वेढे थोरल्याच्या कमरेला दिले आणि गाठ मारली. "आता ढकल. बोटाले नाई, दुपट्ट्याले ढकल."

थोरल्यानं श्वास भरला. पोट दुपट्ट्यावर दाबलं गेलं, दुपट्टा तटतटला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी कळल्याचं दिसलं. ढकलायला समोर काही असलं की पोट जास्त जोरानं ढकलतं. पट्ट्याचं सगळं काम एवढंच आहे. तो पाठीला बाहेरून टेका देत नाही. पोटाला आतून दाबायला भिंत मिळते, पोटातला दाब वाढतो आणि त्या दाबानं कणा ताठ राहतो.

"म्हणजे पट्टा बांधायचा?" धाकटा खुशीत आला.

"तू कायले खूश होऊ राहिला? तू तं पट्टा इतका आवळतं का पोटाले जागाच नाई राहत. मंग ढकलशीन काय?" आबाजींनी त्याचा पट्टा एक भोक सैल केला. वरची कड बरगडीत रुतत होती, ती बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये आणून बसवली. पट्टा आणि अंग यांच्यात एक बोट जेमतेम सरकेल इतकीच जागा ठेवली. "ध्यानात ठेवा. पट्टा वझं नाई उचलत. उचलणाऱ्याले साथ देते. ज्याले पोट लावता येते त्याले पट्ट्याचा फायदा. ज्याले येत नाई त्याले पट्टा फसवते. अन् जमून बी जो बांधत नाई, थो हट्टी."

शेवटचं वाक्य थोरल्याकडे बघून होतं.

"मंग कवा बांधायचा?" थोरल्यानं पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

"हलक्या वजनाले नाई. ऐंशी तू हसत उचलतं, तिथं तुह्यं पोटच पट्टा. बैठका, बार जमिनीवरून उचलणं, डोक्यावर ढकलणं, ह्याच्यात वजन इतकं झालं का जास्तीत जास्त चार-पाच वेळा उचलता यीन, तवा बांध. उचलायच्या आधी आवळायचा, खाली ठेवलं का सोडायचा. दिवसभर नाई. दंडाचा व्यायाम करताना तं मुळीच नाई."

थोरल्यानं त्या संध्याकाळी धाकट्याचा पट्टा बांधून एकशे तीस उचलला. पाठ सरळ राहिली. आबाजींना पोरांनी गळ घातली, "तुमी बी एक दाखवा." त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

हे पाकीट या गोष्टीत उगीच आलेलं नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणभर भलताच चढतो. १९८५ साली कॅनडात धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा दोन्ही पायांनी वजन ढकलणाऱ्या धडधाकट शरीरसौष्ठवपटूंचा वरचा दाब सरासरी ३२० पर्यंत गेला होता. निरोगी तरुणाला ते काही क्षण झेपतं. ज्याला रक्तदाबाचा किंवा अंतर्गळाचा त्रास आहे, त्यानं पट्ट्याचा विचार करण्याआधी डॉक्टरला विचारावं.

खेळाच्या मैदानातही पट्ट्याला त्याच्या जागेवरच ठेवलेलं आहे. भारोत्तोलनाच्या आंतरराष्ट्रीय नियमात पट्ट्याची रुंदी १२ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये १० सेंटीमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड, त्यापुढे नाही. शिवाय पट्टा कमरेपुरता. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण एका किलोनं हुकलं, कारण क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचा कोपर दुखावला. कोपराला कोणता पट्टा पुरणार?

गोष्ट इथंच संपली असती, पण आडत्याच्या कानावर सगळं गेलं. 'पट्ट्यानं एकशे तीस उचललं' एवढंच त्यानं ऐकलं, बाकीचं ऐकायची त्याला गरज वाटली नाही. पुढच्या सोमवारी त्यानं सगळ्या हमालांसाठी नवेकोरे पट्टे आणले, स्वतःच्या हातानं वाटले आणि नारळही फोडला. त्याच दिवसापासून कट्टे जास्त भरायला लागले. मजुरी कट्ट्यामागे ठरलेली. कट्टे कमी झाले की हमालीही कमी आणि बारदानाही कमी.

दुपारपर्यंत थोरल्याच्या लक्षात आलं. पाठीवरचं ओझं त्याची पाठ ओळखत होती. त्यानं एक कट्टा उचलून सरळ काट्यावर ठेवला. बहात्तर किलो.

"शेठ, हे काय?"

"अरे, पट्टे दिले ना तुमाले! आता काय फरक पडते?"

आबाजी बाजेवरून उठले. "शेठ, फरक पडते. पट्टा जड दिवसासाठी हाय, रोजच जड करायसाठी नाई. जिममधला पोरगा पाच वेळा उचलते आन् बसते. हे पोट्टे दिवसातून दोन-अडीचशे वेळा उचलतात. इतक्या वेळा श्वास भरून पोट ढकलणं कोण करीन? पट्टा नुसताच कमरेवर राह्यते, काम कमरच करते."

म्हाताऱ्यानं हे अनुभवानं सांगितलं. मोठ्या प्रमाणावर तपासूनही तेच निघालं आहे. अमेरिकेच्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेनं, नायॉशनं, १६० दुकानांतल्या माल उचलणाऱ्या नऊ हजारांवर कामगारांची पाहणी केली. पट्टा रोज बांधणारे आणि न बांधणारे यांच्या पाठदुखीत, दुखापतीत काही फरक दिसला नाही. दुकानानं पट्टा सक्तीचा केला तरी नाही. ही पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १९९४ मध्येच या संस्थेनं सांगून टाकलं होतं की धडधाकट कामगारांना इजा टाळण्यासाठी पट्टे देण्याची शिफारस आम्ही करत नाही. कामाची रीत सुधारा आणि ओझं कमी करा, हा त्यांचा रोख होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं तर १९६७ सालीच म्हटलं होतं की एका पुरुष कामगाराला ५५ किलोपेक्षा जास्त ओझं वाहावं लागत असेल, तर ते लवकरात लवकर खाली आणावं. आपल्याकडे माथाडी-हमालांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, तोही काही पट्टे वाटून मिळालेला नाही.

आडत्या मात्र ऐकेना. "पट्ट्याचे पैसे गेले माह्ये."

थोरल्यानं आपला पट्टा सोडला आणि आडत्यापुढे धरला. "मंग शेठ, तुमी बांधा. हा बहात्तरचा एकच कट्टा ट्रकपर्यंत नेऊन दाखवा. पट्टा चांगला हाय, मी बांधून पाह्यला."

ट्रक वीस पावलांवर होता. आडतीतले सगळे हमाल हातातलं काम टाकून उभे राहिले, सोयाबीन घेऊन आलेले दोन शेतकरीही आले. आडत्यानं पट्ट्याकडे पाहिलं, कट्ट्याकडे पाहिलं. पट्टा त्याच्या पोटाला पुरला नसता, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही.

"पन्नासचे भरा," तो मुनीमजीला म्हणाला.

मुनीमजींनी वाढलेल्या बारदान्याचा आणि सुतळीचा हिशेब मांडला. भरलेले कट्टे शिवण उसवून पुन्हा भरावे लागले, त्यात संध्याकाळ झाली. आबाजींनी गिनती पुन्हा 'लाभ'पासून सुरू केली. धाकट्यानं दोन पट्टे जिमसाठी मागून घेतले, जड बारजवळ टांगून ठेवायला, ज्याला लागेल त्यानं घ्यावा म्हणून. बाकीचे आडत्यानं परत करायला गाठोड्यात बांधले. एक मात्र हळूच बाजूला काढून ठेवला.

"हा कायले ठेवला, शेठ?" आबाजींनी विचारलं.

"गादीवर बसून बसून माही कंबर लय दुखते हो, आबाजी."

"त्याले पट्टा नाई लागत," आबाजी म्हणाले. "उठा, अन् मुनीमजीसोबत ट्रकपर्यंत चार चकरा मारून कट्टे मोजून या."