कर्ता गहाळ

‘१८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं.’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य कानावर पडलं की माझं टाळकं सटकतं. झालं? आपोआप? छत्रपती शहाजींनी मरणशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि कंपनीने राज्य घेतलं. पण इंग्रजीत या प्रकाराला नाव मिळालं ‘लॅप्स’. हक्क संपुष्टात येण्याला वकील वापरतात तो हा शब्द. त्यात घेणारा कुणी नसतोच, नुसता संपणारा हक्क असतो. झाशी-नागपूरची पुढची यादी सगळ्यांनी शाळेत घोकलेली आहे, ती इथे नको.

इंग्रजीतल्या साम्राज्याचे शब्द मला दोन जातींचे दिसतात. काही ढोल वाजवत येतात, काही पाय न वाजवता. ‘एम्पायर’ पहिल्या जातीचा. खरी कामं केली दुसऱ्यांनी. ‘रेसिडेंट’ म्हणजे नुसता राहणारा. पुण्यात संगमावर राहणाऱ्या या गृहस्थाची नजर मात्र शनिवारवाड्यावर. ‘सब्सिडिअरी अलायन्स’ म्हणजे कागदोपत्री दोस्ती. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत ती पत्करली. मराठीने तिला ‘तैनाती फौज’ म्हटलं आणि बिंग फोडलं: फौज त्यांची, तैनात आपल्या उरावर, खर्चही आपलाच.

केंब्रिजचे प्राध्यापक जॉन सीली यांनी १८८३ च्या ‘द एक्स्पान्शन ऑफ इंग्लंड’मध्ये म्हटलं की इंग्रजांनी अर्धं जग जणू बेसावधपणीच मिळवलं. टोमणा स्वकीयांनाच होता, हे मान्य. हिंदुस्थान जिंकणारी फौज बव्हंशी हिंदी शिपायांची होती, हे त्यांचं म्हणणंही मला खोडता येत नाही, कितीही झोंबलं तरी. पण प्राध्यापकमहाशय, बेसावध माणूस ‘लॅप्स’ लिहीत नाही. घेतलं म्हणायचं तिथे संपलं म्हणायला चित्त फारच ठिकाणावर लागतं.

थोडं आडवाटेला जातो. १५३३ साली आठव्या हेन्रीच्या संसदेने ठरवलं की इंग्लंडमधली अपिलं यापुढे रोमला पोपकडे जाणार नाहीत, कारण इंग्लंड हे ‘एम्पायर’ आहे. राजाच्या काडीमोडाची भानगड सोडून द्या. गंमत अशी की तेव्हा या ‘एम्पायर’कडे समुद्रापलीकडे म्हणण्यासारखं होतं ते कॅले बंदर आणि आयर्लंडचा काही भाग. दुसऱ्यांवर राज्य, हा त्या शब्दाचा अर्थच नव्हता. आमच्यावर कुणी नाही, हा होता. आपल्याकडचं ‘स्वराज्य’च की!

आणि इथे माझी पंचाईत होते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून मिळवलेल्या सनदा तीन: स्वराज्य, चौथाई, सरदेशमुखी. आमच्यावर कुणी नको, हे पहिलीत. दुसऱ्यांच्या मुलखातून वसुली, हे उरलेल्या दोन्हींत. एकाच खेपेत दोन्ही पदरात. आणि ‘मुलूखगिरी’? ऐकायला भटकंतीच वाटते. बंगालच्या खेड्यांत मात्र त्या भटक्या स्वारांना ‘बर्गी’ म्हणत, आणि आया ते नाव घेऊन पोरांना भीती घालत. पाय न वाजवण्याची कला एकट्या इंग्रजीची नाही तर.

मग मला ढोलच कमी लबाड वाटू लागतो. १८७६ मध्ये डिझरायलीने व्हिक्टोरियाला ‘एम्प्रेस’ हा किताब द्यायचं काढलं तेव्हा संसदेत गदारोळ झाला. असला किताब इंग्रजांच्या परंपरेला शोभत नाही, असं विरोधकांचं म्हणणं. तोडगा निघाला: किताब हिंदुस्थानापुरता. घरी राणी, आमच्याकडे सम्राज्ञी. याहून सरळ व्याख्या कुठल्या कोशात सापडेल?

पुढे १९५८ मध्ये ‘एम्पायर डे’चा ‘कॉमनवेल्थ डे’ झाला. (झाला! बघा, मीही तेच.) २००४ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या एका समितीने सुचवलं की १९१७ पासून चालत आलेल्या ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ला ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश एक्सलन्स’ म्हणावं. आद्याक्षरं तीच, म्हणजे कुणालाच पाटी बदलायला नको. आदल्याच वर्षी बेंजामिन झेफानाया या कवीने त्या ‘एम्पायर’पायी हा सन्मान जाहीरपणे झिडकारला होता, आणि तेव्हापासून मी शब्द काढून टाकावा या मताचा. आता म्हणतो, राहू द्या. नुसतं ‘एक्सलन्स’ उरलं, तर झेफानायासारख्याने नाकारायचं तरी काय?