साहाय्य की भिक्षा?

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ भाजी विकावयास आलेल्या एका बंधूने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, मी दीड एकराचा धनी. कोणाच्या दारी हात पसरला नाही. आता सरकारचा हप्ता घेतो, ही भिक्षाच नव्हे काय?" प्रश्न लहान नव्हे; कारण लाजेने वाकलेला मनुष्य न्यायही मागू शकत नाही.

समोरचे मंदिरच पाहा. तेथील शके 982, म्हणजे इ. स. 1060 च्या शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. भात पिकविणाऱ्याचे नाही. तथापि त्या काळी राजाचे भांडार मुख्यत्वे शेतसाऱ्यानेच भरत असे. ज्याच्या घामाने दगड चढले, तोच विसरला गेला.

आजची रीत निराळी आहे काय? बी व खत दुकानदाराच्या दराने घ्यावे, माल व्यापाऱ्याच्या दराने द्यावा. आणि पाऊस चुकला तर हानी एकट्या शेतकऱ्याची. बदलापूरपलीकडील बारवी धरण 1972 साली कारखान्यांस व शहरांस पाणी मिळावे म्हणून पुरे झाले; पुढे त्याची उंची वाढली तेव्हा आणखी जमिनी बुडाल्या. शहरातील नळ ज्या पाण्याने वाहतो, त्याखाली कोणाचे तरी शेत आहे.

केंद्र सरकारने 2019 साली शेतकरी कुटुंबास वर्षाला 6000 रुपये देण्याचे ठरविले. 2023 साली राज्याने तितक्याच रकमेची जोड दिली. दोहोंची बेरीज दिवसांवर वाटली, तर रोजचे 33 रुपयेही भरत नाहीत. ज्यांनी इतके घेतले त्यांनी एवढे परत केले, तर उपकार कसला? नहेम्याने शेते गहाण टाकणाऱ्या बांधवांस भीक घातली नाही. त्याने सावकारांकडून त्यांची शेतेच परत देवविली.

म्हणून त्या बंधूस आम्ही म्हणालो, "मान ताठ ठेवून घ्या." परंतु बांधवहो, येथेच थांबणे योग्य नव्हे. हा हप्ता ज्याच्या नावे जमीन आहे त्यालाच मिळतो. तुमच्या बांधावर लावणी करणाऱ्या मजुरास तो मिळत नाही; आणि आपल्या मंडळ्यांत असे भूमिहीन पुष्कळ आहेत. शहराने आमचे देणे द्यावे असे म्हणणाऱ्याने सायंकाळी मजुराची पुरी मजुरी हातावर ठेविली काय? जो न्याय आम्ही वरून मागतो, तोच खाली देणे आम्हांस प्राप्त आहे.