हक्क की खैरात?

अपंगाला दोन रुपये देताना आपला हात चटकन पुढे होतो. नोकरी देताना तोच आखडतो. असे का?

१९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान ३ टक्के जागा राखल्या. पण वरच्या पदांवर हा हिशेब फक्त त्यांच्यासाठी ‘योग्य’ ठरवलेल्या जागांपुरताच होई. एकूण रिक्त जागांवर मोजा, असे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. २०१६ च्या कायद्याने प्रमाण ४ टक्के केले. खासगी मालकांना मात्र अशी सक्ती नाही.

अपंगाला काय जमणार नाही, हे आपण आधीच ठरवतो. जिना बांधताना कोणाचे पाय डोळ्यांपुढे होते, हे विचारत नाही.

खैरात घेणाऱ्याला आभार मानावे लागतात. पगार घेणाऱ्यावर ते ओझे नसते. अपंगांच्या खांद्यावर आपण नेमके तेच ओझे ठेवले आहे.